तिला सांग, जिन्यात खुर्ची टाकली आहे

"वाच. मोठ्याने वाच."

नवऱ्याचा वकील हे मला मराठीत म्हणाला, हळू आवाजात. मग जजमॅडमकडे वळला आणि कन्नडमध्ये म्हणाला की साक्षीदाराने स्वतःच्या हस्ताक्षरातला मजकूर कोर्टाला वाचून दाखवावा. कन्नडमध्ये तो मला 'नीवु' म्हणायचा, आदराने. मराठीत 'तू'. बेंगळुरूच्या फॅमिली कोर्टातल्या त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. मी, माझा नवरा आणि तो. त्यामुळे 'तू' म्हणायला त्याला कोणाची भीती नव्हती.

माझ्यासमोर माझीच वही उघडून ठेवली होती. मी वाचलं.

"तिला सांग, तिच्या बापासाठी जिन्यात खुर्ची टाकली आहे. सोफ्यावर नको. पाणी कागदी कपात दे म्हणावं. कप धुवायला ठेवू नको, तसाच कचऱ्यात टाक म्हणावं."

"कन्नडदल्लि हेळि," मॅडम म्हणाल्या. कन्नडमध्ये सांगा.

मी बेळगाव जिल्ह्यातली, निपाणीची. कन्नड मला येतं. पण भरकोर्टात उभं राहून, आपल्या बापाला जिन्यात बसवलं, हे दुसऱ्या भाषेत कसं नीट सांगावं, याचे शब्द मी शोधत होते. सापडले. सांगितलं.

"खुर्ची दिली?" वकिलाने विचारलं.

"दिली."

"पाणी दिलं?"

"दिलं."

"मग छळ कुठे झाला, अम्मा?"

टाइप करणारा माणूस हसला. त्याने हसू दाबलंसुद्धा नाही. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने मान खाली घातली.

"सासूबाईंनी कधी शिवी दिली?"

"नाही."

"कधी भांडल्या?"

"त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या."

"लिहून घ्यावं, मॅडम. सासू कधीही भांडली नाही."

तेही लिहिलं गेलं. मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, विचारलं तेवढंच सांगायचं. शेजाऱ्यांपैकी कोणी काही ऐकलं? नाही. मग त्याने माझी वही दोन बोटांनी उचलली. पानं चाळली. "फार सुंदर अक्षर आहे. फॅक्टरीत रिपोर्ट लिहायची सवय दिसते. पण मूळ आवाज कुठे आहे? ज्या मोबाइलवर आला तो मोबाइल कुठे? त्याचं प्रमाणपत्र कुठे?"

"कसलं प्रमाणपत्र?" मी विचारलं.

तो माझ्या वकिलाकडे बघून हसला. माझा वकील फाइलमध्ये काहीतरी शोधत होता. त्यात काही नाही हे त्यालाही माहीत होतं.

"उद्या कोणीही घरी बसून वही भरेल, मॅडम. ही साक्ष नाही. ही निबंधस्पर्धा आहे."

वही निशाणी म्हणून घेतली गेली नाही. निशाणी म्हणजे कोर्टाने नंबर देऊन पुरावा म्हणून ठेवून घेतलेली वस्तू. माझी वही शिपायाने मला परत दिली. नवरा त्याच्या खुर्चीवर बसला होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. घरातही तो असाच बसायचा.

आता घरातलं सांगते.

मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. छोटे सुटे भाग. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर लावून मापं घ्यायची, रिपोर्ट लिहायचा, सही करायची. माझी सही नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. नवरा तेव्हा आमच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीत डिझायनर होता. चुका दाखवायला यायचा, मी त्याच्याच ड्रॉइंगमधल्या चुका दाखवायची. असं जमलं. त्याचं घर शहराच्या जुन्या भागात, बसवनगुडीत. शेकडो वर्षांपूर्वी इथे येऊन स्थायिक झालेली मराठी माणसं. वकील, डॉक्टर, प्राध्यापक. घरी मराठी बोलतात, त्यात अर्धं कन्नड. मोठ्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का. मी कोण, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी त्याने फक्त एवढंच सांगितलं, "निपाणीकडची आहे, आपल्याच माणसांतली." लग्न रजिस्टर झालं. मी म्हटलं, आईला खरं सांग. तो म्हणाला, "सांगतो ग, स्वल्प वेळ दे."

सहा महिने वेळ दिला. मग माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने त्या पत्त्यावर आली. निळी पत्रिका. वर बुद्धाची तसबीर. सासूबाईंनी ती वाचली, टीपॉयवर उलटी ठेवली आणि त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं थांबलं.

त्या घरात आवाज चढत नाही. भांडी आपटत नाहीत. आमच्याकडे भांडण झालं की सगळ्या गल्लीला कळतं आणि दोन तासांनी मिटतं. इथे तसं काही नाही. सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून आपल्या मोबाइलमध्ये बोलायच्या. तो निरोप माझ्या नवऱ्याला जायचा. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात. तो तिथून मला फॉरवर्ड करायचा. मी बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघरापासून आठ फुटांवर. त्यांचं बोलणं मला भिंतीतून आधीच ऐकू आलेलं असायचं. तरी पाच मिनिटांनी मोबाइल वाजायचा आणि तोच आवाज पुन्हा.

"तिला सांग, आत पाणी भरायचं आहे. स्वल्प गॅलरीत जाऊन उभी राहा म्हणावं."

"तिला सांग, तिचं ताट वेगळ्या फळीवर ठेवलं आहे."

"तिला सांग, उद्या गौरी बसणार. उद्या फॅक्टरीला सुट्टी घेऊ नको म्हणावं."

प्रत्येक निरोप 'तिला सांग'ने सुरू. नवऱ्याने त्यात स्वतःचा एक शब्द कधी घातला नाही. फारच वाईट वाटलं तर खाली हात जोडल्याचं चित्र. मी त्याला विचारायची, "हे तू मला पाठवतोस कसा?" तो म्हणायचा, "मी बोललोय का? मी फक्त पुढे पाठवतो." उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा त्याचा संसार. विटाळ पाळायचा आणि हातही स्वच्छ ठेवायचे, दोन्ही.

मी काय केलं? मूग गिळून बसले. खरं सांगते, मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. सही केल्याशिवाय माल न सोडणारी मी, पाणी भरून होईपर्यंत गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी. याची मला आजही चीड येते. त्यांची येते त्याहून जास्त.

मग बाबा आले. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करून त्यांनी मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. न कळवता आले, पिशवीत शेंगा घेऊन. मी त्यांना सोफ्यावर बसवलं. स्वयंपाकघरातून आवाज ऐकू आला, मग मोबाइल वाजला. तोच निरोप, जो मी कोर्टात वाचला. दार उघडलं तर जिन्यात निळी प्लॅस्टिकची खुर्ची खरंच ठेवलेली होती. मी बाबांना काय सांगितलं माहीत आहे? मी म्हटलं, "बाबा, आत फार उकडतंय. बाहेर बसूया."

मी म्हटलं हे. मी स्वतः.

ते जिन्यात बसले. कागदी कपातून पाणी प्यायले. म्हणाले, "हितं वारं चांगलं लागतंय की." शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पुढच्याच आठवड्यात मी कारखान्याजवळ, दासरहळ्ळीला खोली घेतली आणि बाहेर पडले.

मग त्याने घटस्फोटाचा अर्ज केला. कारण, माझी क्रूरता. अर्जात लिहिलं होतं की ही घरात कोणाशी बोलत नसे, वडीलधाऱ्यांत मिसळत नसे, सणावाराला मुद्दाम कामावर जात असे. मी वाचून हसले, मग रडले. मीही उलट अर्ज केला, क्रूर हे लोक आहेत म्हणून. घटस्फोट दोघांनाही हवाच होता. लढाई एवढीच होती की निकालाच्या कागदावर क्रूर कोण म्हणून लिहिलं जाणार.

आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्या कामात मापं आधी कच्च्या कागदावर घेतात. तेलाचे डाग, खाडाखोड, काहीही. मग त्यावरून स्वच्छ, पक्का रिपोर्ट लिहायचा आणि कच्चा कागद टाकून द्यायचा. बारा वर्षांची सवय. मी तेच केलं. जुना मोबाइल पडून त्याची काच फुटली होती, पडदा अर्धा काळा झाला होता. पण आवाज येत होता. मी एकेक निरोप ऐकला आणि वहीत उतरवला. रकाने आखले. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं. लाल शाईने अनुक्रमांक. एकेचाळीस निरोप. वही वकिलाला दिली, तो म्हणाला, "व्हेरी गुड." मोबाइल ट्रंकेत टाकला, हळदीच्या डब्याशेजारी. गल्लीत जुने मोबाइल घेऊन प्लॅस्टिकच्या बादल्या देणारा येतो, त्याला द्यायचा म्हणून. दोनदा तो आला तेव्हा मी कामावर होते, म्हणून राहिला.

वही नाकारली त्या दिवशी माझा वकील मला जिन्यापाशी घेऊन गेला. त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद होता. म्हणाला, "बघा, केस आता कमजोर झाली. समोरचे लोक चांगले आहेत. परस्पर संमतीने करायला तयार आहेत. सही करा, सहा महिन्यांत मोकळ्या. तुमचं वय अजून काही गेलेलं नाही."

"काय लिहिलंय यात?"

"नेहमीचंच. फॉर्मल."

मी वाचायला लागले. तो घड्याळ बघत होता. कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की मी तळाच्या बारीक अक्षरांतल्या सूचना आधी वाचते. फसवणूक असली तर तिथेच असते. मी शेवटापासून वाचलं. शेवटच्या ओळीत होतं की पत्नीने आपला जुना मोबाइल पतीच्या स्वाधीन करावा आणि त्याची कोणतीही प्रत ठेवू नये. त्याच्या वरच्या ओळीत होतं की पत्नीने केलेले सर्व आरोप गैरसमजातून केले होते व ती ते मागे घेत आहे.

मी दोनदा वाचलं.

आत ते म्हणाले होते, हा पुरावा नाही, निबंध आहे. मग बाहेर ह्यांना फुटक्या काचेचा मोबाइल कशाला हवा होता? चोराच्या मनात चांदणं. माझ्या सुंदर अक्षराला ते हसत होते आणि माझ्या कच्च्या कागदाला घाबरत होते. जो कागद मी बादलीच्या बदल्यात द्यायला निघाले होते.

मला एकदम आमच्या कारखान्यातला एक दिवस आठवला. बाहेरचा ऑडिटर आला होता. माझा रिपोर्ट त्याने बाजूला सारला. म्हणाला, "हे माप कुठल्या मायक्रोमीटरने घेतलं? त्याचा नंबर? त्याची तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र?" प्रमाणपत्राची मुदत संपली होती. सगळा माल परत. मापं बरोबर होती तरी परत. तेव्हापासून मी इतरांना हेच शिकवत आले की आकड्याला किंमत नसते, तो आकडा कुठल्या यंत्रातून आला त्याला असते. हे जगाला शिकवणारी मी कोर्टात काय घेऊन गेले, तर वही.

नवरा चार पायऱ्या खाली उभा होता, त्याच्या वकिलाबरोबर. मी तो कागद घेऊन खाली गेले. "हे तू वाचलंस?" मी त्याला विचारलं.

"आईला बरं नसतं," तो म्हणाला. "तिला ह्या वयात कोर्टात ओढायचं का? तू मोठं मन कर."

मोठं मन. तीन वर्षं ज्या घरात मला फळी वेगळी होती, तिथला माणूस मला मन मोठं करायला सांगत होता.

मी कागद त्याच्या हातात परत दिला. "सही करणार नाही," म्हटलं. आवाज चढला होता. लोक बघायला लागले. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "हळू बोल." मी आणखी मोठ्याने म्हटलं, "सही करणार नाही." वर येऊन माझ्या वकिलाला सांगितलं, "सर, मूळ मोबाइल कोर्टात आणायचा अर्ज घाला. नाहीतर एनओसी द्या, मी दुसरा वकील बघते." त्याचा चेहरा पडला. पण अर्ज त्याने घातला.

अर्ज घालायच्या आधी मी बाबांना फोन केला. हा आवाज आता कोर्टात वाजणार, हे त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं होतं. जिन्याची गोष्ट मी सगळ्यात शेवटी काढली. खोटं बोलले होते ना. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी आत उकडत नव्हतं."

ते म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं, पोरी."

मग तेच म्हणाले, "तुझा संसार मोडू ने म्हून बसलो. आता चारचौघांत कशाला वाजवतीस ते? मिटव. आपली कशाला शोभा?"

"शोभा आपली नाही, बाबा. त्यांची."

"तुला न्हाई कळायचं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी आयुष्यभर जे गिळलं, तेच मी गिळावं असं त्यांना प्रेमाने वाटत होतं. त्या प्रेमालाही मला नाही म्हणावं लागलं. नवऱ्याला नाही म्हणणं सोपं होतं.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी तीन तास स्टुलावर बसून राहिले. फक्त काच बदला, आतलं काही पुसू नका, कॉपी करू नका. दुकानदार वैतागला. पडदा लागला आणि सगळे निरोप जिथल्या तिथे दिसले, नवऱ्याच्या नावाखाली, तारीखवार. मग संगणकाच्या एका तज्ज्ञाकडे गेले. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, हे मला तिथे कळलं. एक मी भरायचा. मोबाइल कोणाचा, कोण वापरत होतं, नीट चालत होता का. दुसरा त्याने भरायचा. त्याने प्रत्येक आवाजाचा एक लांबलचक नंबर काढला. म्हणाला, "आवाजात एका क्षणाचाही फेरफार केला तर हा नंबर बदलतो." मी म्हटलं, "सर, हे मला समजवू नका. मी रोज हेच करते." आणि सही केली. इतक्या घट्ट हाताने मी आजवर सही केलेली नाही.

तारखेला पुन्हा हरकती. नवरा-बायकोतलं खाजगी आहे. उशिरा आणलं आहे. मॅडमनी ऐकून घेतलं, खोलीतली बाकीची माणसं बाहेर काढली आणि म्हणाल्या, ऐकू तर द्या काय आहे ते.

शिपायाने मोबाइल टेबलावर ठेवला. आवाज पूर्ण वाढवला.

"तिला सांग, तिच्या बापासाठी जिन्यात खुर्ची टाकली आहे."

वहीत हे वाक्य सभ्य दिसत होतं. आवाजात नव्हतं. 'बापासाठी' म्हणताना त्या थोडं थांबल्या होत्या, तोंडात नको ते आलं की माणूस थांबतो तसं. त्या थांबण्याचं मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. कागदी कपापर्यंत आवाज आला आणि टाइप करणाऱ्याचे हात थांबले. या वेळी तो हसला नाही. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी हसला नाही.

मॅडमनी नवऱ्याला विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

तो उठला. शर्ट नीट केला. "सांगता येणार नाही, मॅडम."

"ओळखू येत नाही?"

"नाही."

"तुमच्याच नंबरवरून आलाय."

"फॉरवर्ड झाला असेल."

त्याची आई त्या दिवशी त्याच्याबरोबर आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती, रेशमी साडी नेसून, मांडीवर पर्स धरून. तिच्यासाठी मला तीन वर्षं गॅलरीत उभं करणारा हा माणूस. तिचा आवाज ओळखायची वेळ आली तर तिलाही त्याने जिन्यात बसवलं. मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. आली नाही. मी बाहेर जाऊन तिला हे सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून काही माझं तोंड शिवलेलं नाही. म्हटलं, "तुमचा आवाज तुमच्या मुलाला ओळखू आला नाही." तिने पर्स घट्ट धरली आणि भिंतीकडे पाहिलं.

मोबाइल निशाणी म्हणून घेतला गेला. हरकतींचा निर्णय नंतर होईल, पण नंबर पडला. लाल पेन्सिलीने, पाकिटावर. आता जुळवून बघायला सासूबाईंच्या आवाजाचे नमुने घ्यायचा अर्ज आहे. मग भाषांतर करणारा येईल. मग पुन्हा तारीख. जिंकले असं कोणी समजू नये. बाबा अजून माझा फोन उचलत नाहीत, आई उचलते. कारखान्यात रजा संपल्या. माझ्यामागे बायका कुजबुजतात की हिला नवऱ्याला सोडायचंय का चघळायचंय.

मागच्या तारखेला त्याच्या वकिलाने पुन्हा गाठलं. या वेळी मराठीतही 'तुम्ही' म्हणाला. "एक ऐकवलंत, झालं तुमचं समाधान. आता बाकीचे चाळीस सोडा. प्रत्येकाला वेळ लागेल, प्रत्येकाचं भाषांतर होईल, प्रत्येकावर तुमची उलटतपासणी होईल. मी विचारणार, तुम्हाला उत्तरं द्यावी लागणार. सगळं परत ऐकावं लागेल तुम्हालाच. सहन होईल?"

"तीन वर्षं ऐकलंय," मी म्हटलं.

"म्हणजे सगळे एकेचाळीस वाजवणार?"

"सगळे. एकही गाळायचा नाही. आणि प्रत्येकानंतर त्याला विचारायचं, हा आवाज कोणाचा. एकेचाळीस वेळा त्याने नाही म्हणावं. मी प्रत्येक तारखेला येणार आहे."